सारजाची वागूर

मंद्रूप,
दि. २ फेब्रुवारी १९७५

चि. सौ. तानाबाईस,
मायाप्पाचा आशीर्वाद. हितं आमी सगळी धडधाकट हाय. शाळूत दाणा भरलाय, दोन मेंढ्या व्यायल्या, थंडीनं तुझ्या वहिनीचा गुडघा धरलाय. कल्लप्पा दाजींची तब्येत बरी असंल. गिरणीच्या पाळ्या सांभाळून चाळीतलं नवं घर तुला आता सवयीचं झालं असंल. नावाआधी पुन्हा सौ. लिवलंय, ते मनापासनं लिवलंय.

तुझं पत्र कवाच पोचलं. ‘सारजा माझी आठवण काढती का’ एवढंच तू विचारलंस. उत्तर लिवाया बसलो की मी काही ना काही काम काढून उठायचो.

पोरगी चांगली जेवती. माझ्यासंगं शिकारीला येती. रागावू नको. दिवाळीत तू तिला ठेवून गेलीस, तवा चुलीपाशी बसली की उठायची न्हाय. आमी बोलायचो, ती भिंतीकडं बघायची. एका सकाळी मी वागूर सांधत बसलो होतो, आपल्या बापाची ससं धरायची जाळी. ती सरकत जवळ आली आन म्हणाली, “मामा, ही गाठ सुटंल.” खरंच सुटली असती. तवापासनं सांधायचं काम तिचं.

मग माळावर न्यायला लागलो. आधी नुसतं बघायला शिकवलं. सशाची लेंडी ओली का वाळलेली, गवत कुटं दबलंय, वारा कुणीकडनं येतोय. वारा बघाया ती चिमूटभर माती सोडती. पयल्या दिवशी बांधावर बसवली तर जरा दम निघंना तिला. काटा टोचला, मुंगी चावली, तहान लागली. हळूहळू बसाया शिकली. तू लहानपणी बापाच्या मागं लागायचीस आन त्यो तुला पोरगी म्हणून एकदाबी न्यायचा न्हाय, ते मला माळावर लई येळा आठवतं.

बाजारात एका दुकानदारानं विचारलं, “लेक का?” मी व्हय म्हणालो. तिनं ऐकलं. मला बरं वाटलं. आमच्या घरात लेकराचा आवाज कधी न्हवता, तुला ठाऊक हाय.

आता तू विचारलेलं. ती आठवण काढत न्हवती. एकदा वहिनीनं तुझं नाव काढलं, तवा म्हणाली, “तिनं दुसरं घर केलं, मला टाकलं.” हे लिवाया हात धजत न्हवता.

गेल्या आठवड्यात मी तिला म्हणालो, आजची वागूर तू लाव. जागा तिनंच निवडली, करडईच्या कडंला, जितनं ससं माळावर निघत्यात. मी पल्याडनं हाकारत आलो. ससा सरळ जाळीत. मी पोचेस्तवर तिनं कान आन मागलं पाय धरून उचलला होता, शिकवला तसाच. हसत होती. मग हाताकडं बघाया लागली. बोटं ओली होती.

“मामा, हिला दूध हाय.”

मी बघितलं. पाजती मादी होती. म्हणालो, “शिकार तुझी. तूच ठरीव.”

घरी वहिनीनं मसाला वाटाया घेतला होता, तेबी तिला ठाऊक होतं. तरी तिनं खाली वाकून मादी सोडून दिली.

त्यानंतर तिला पिल्लांचा घोर लागला. दुपारभर हुडकत फिरलो. तिलाच सापडली, गवताच्या बुडात दोन, डोळं उघडं, जराबी हलत न्हवती. आई कुटंच न्हाय. सारजाचं तोंड उतरलं. म्हणाली, “टाकून गेली.”

मी म्हणालो, बसूया. वारा आमच्याकडं येईल असं लांब बसलो. ऊन उतरलं, गार सुटलं, पोरगी जागची हालली न्हाय. दिवस बुडता बुडता मादी आली, पिल्लांना पाजलं, गेली. मी एवढंच सांगितलं की ती दिवसभर मुद्दाम लांब राहती, जवळ बसली तर तिच्या वासावर कोल्हा येतो. तुझं नाव मी घेतलं न्हाय.

घराजवळ आल्यावर तिनं विचारलं, “मामा, आईला गिरणीत आता कुठली पाळी हाय? सकाळची का रातची?”

मी म्हणालो, “पत्रात विचारतो.”

“नको,” म्हणाली. “ती आली की मीच विचारीन.”

तर ताने, सुट्टी बघून ये. कल्लप्पांनाबी आण, त्यांनी पोरीला नीट बघितलंबी न्हाय. खोली लहान म्हणून तिला हितं ठेवती म्हणाली होतीस. असू दे लहान. न्यायचं ठरवलंस तर मी आडवा येणार न्हाय. वहिनी रडंल, तिला मी बघीन. थंडीच्या दिवसांत मात्र धाडत जा. वागूर आता माझ्यापरीस ती चांगली लावती.

तुझा भाऊ
आन सारजाचा मामा,
मायाप्पा