सिंधुअक्काची दहा मतं

देगलूर,
सोमवार

चि. सोमेश यास,

भीमाशंकर मामाचे अनेक आशीर्वाद, आणि घरातल्या लहानथोरांचा शरणार्थ. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारावी तर तू तीन आठवडे झाले कुणाचा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. (खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कोर्टाचं काम आहे का? म्हटलं, नाही, भाच्याला लिहायचंय. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.) गुडघा कसा आहे? त्या बाईला खांद्यावर घेऊन तू गिरकी मारलीस तेव्हाच मी तुझ्या मामीला म्हटलं होतं की हा नाच नव्हे, ही हमाली आहे.

तू स्पर्धेतून बाहेर पडलास याचं वाईट वाटलंच, पण ज्या रीतीनं तुला काढलं त्याचा संताप अजून जात नाही. स्पर्धा म्हणे ताऱ्यांची. म्हणजे मालिकांतल्या ओळखीच्या चेहऱ्यांनी नाचायचं आणि त्यांना शिकवायला, उचलायला आणि पडल्या तर झेलायला तुझ्यासारखा एकेक खरा नाचणारा सोबत द्यायचा. तुझ्या वाट्याला आली ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, रोज संध्याकाळी सासूचा छळ सोसणारी धाकटी सून. (तिचं खरं नाव घरात कुणालाच आठवत नाही, सगळे धाकटी सूनच म्हणतात.) पहिल्या आठवड्यात त्या बाईला डावा पाय कुठला हेसुद्धा सांगावं लागत होतं. तिला तू सतरा आठवड्यांत चाळीसपैकी चाळीस गुणांपर्यंत नेलंस. चारही परीक्षक उभे राहिले आणि म्हणाले, बाई, कमाल केलीत. कमाल बाईंनी केली! आणि या सतरा आठवड्यांत निवेदिकेनं तुला 'त्यांचा जोडीदार' म्हटलं. एकदाही सोमेश म्हटलं नाही. बोलायला तिला काय कष्ट पडले असते, तीनच तर अक्षरं आहेत.

तुझे बाबा, म्हणजे आमचे वीरण्णा दाजी, यांचा तर पाचव्या आठवड्यातच धीर सुटला. माणूस तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होता, गाडी कधी आली आणि कधी सुटली हे लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी वही घेतली आणि एका रविवारची नोंद केली. एकूण कार्यक्रम दोन तास दहा मिनिटं. त्यात जाहिराती पन्नास मिनिटं, परीक्षकांचं बोलणं अर्धा तास, रडणं एकवीस मिनिटं (यात स्पर्धकांच्या लहानपणीचे फोटो धरलेत), निकालाआधीचा ढगांचा गडगडाट नऊ मिनिटं. तुमच्या जोडीचा नाच एक मिनिट पन्नास सेकंद, आणि त्यातही तीस सेकंद कॅमेरा परीक्षकांच्या तोंडावर. दाजी वही मिटून म्हणाले, “पोरगा दिसंल म्हणून बघायचं, तर दिसंना बी,” आणि अंगणात जाऊन बसले. ते पुन्हा टीव्हीपुढं आले नाहीत. मीही कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू? दर आठवड्याला तेच महानिकालाचं गाजर, आणि निकाल पुढच्या रविवारी. पण तू होतास म्हणून बसत होतो.

तर त्या चाळीस गुणांच्या आठवड्यात पाच जोड्या राहिल्या होत्या. त्यातला तो विनोदी नट आठव. त्याला नाच येत नाही, त्याचं पोट तेवढं नाचतं. त्याला बावीस गुण. दोनदा बाहेर काढला होता आणि दोनदा प्रेक्षकांच्या आग्रहाखातर परत आणला होता. (हे प्रेक्षक कोण, हे शोधून मी दमलो. देगलुरात तर एकही सापडला नाही.) दर आठवड्याला तो वारलेल्या वडिलांची आठवण काढायचा आणि वाचायचा. निम्मे गुण परीक्षकांचे आणि निम्मे लोकांच्या मतांचे, हा त्यांचा न्याय. एका फोनवरून आठवड्याला दहा मतं. म्हणून मी कंबर कसली. मोंढ्यातल्या अडत्यांचे फोन घेतले, सलूनमध्ये दाढीला बसलेल्यांचे घेतले, एका लग्नात तर जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांचे घेतले. सगळ्यांची दहाच्या दहा मतं तुला. घसा बसला, पण म्हटलं, आपला पोरगा आहे.

निकालाच्या रविवारी मुद्दाम मुरुडला सिंधुअक्काकडं गेलो. तिथंही तुझ्या आईनं गल्लीतल्या बावीस बाया जमवल्या होत्या. सगळ्यांना मत कसं द्यायचं ते तिनंच शिकवलेलं. मला अभिमान वाटला. सहज म्हटलं, अक्का, तुझा फोन बघू. बघतो तर काय, तुला दोन मतं. बाकीच्या चौघांनाही दोन-दोन. त्या पोटवाल्यालाही दोन! मी ओरडलोच. त्यावर तुझी आई शांतपणे म्हणाली, “पंगतीला बसल्यावर एकाच्याच ताटात वाढतेत का रे? त्या लेकरांच्या आया बी टीव्हीपुढं बसल्या असतील की.” आणि बावीस बायांनी तिच्या हाताखाली अगदी तसंच वाढलं होतं. सोमेश, आपल्या गल्लीतून त्या माणसाला सेहेचाळीस मतं गेली. अख्ख्या महाराष्ट्रात सरळ मनानं मतं दिली असतील तर ती या बायांनी, आणि त्यांच्याच समोर तासाभरानं तुझं नाव न घेता तुला बाहेर काढलं.

किती मतांनी पडलास हे त्यांनी सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. पण अक्कानं ते मनाला लावून घेतलंय. तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नाही. सगळ्यांना वाढते आणि स्वतः ताटावर नुसती बसून राहते. “माझ्याच हातानं पडलं लेकरू,” एवढंच म्हणते. मी समजावलं, अगं, मतं लाखांनी पडतात, तुझ्या सेहेचाळिसानं काय होणार? तर मला विचारते, “मग तू देगलूरभर कशाला हिंडलास?”

वर काय, तीन आठवड्यांनी धाकटी सून परत आली. वाइल्ड कार्ड म्हणे. बाई परत, जोडीदार नवा. तुझ्याबद्दल निवेदिका म्हणाली, काही वैयक्तिक कारणामुळे ते येऊ शकले नाहीत. तुला साधं विचारलंही नव्हतं, हे मला तुझ्या खोलीवरच्या मित्राकडून कळलं. नव्या पोरासोबत ती तूच बसवलेली गिरकी नाचली आणि परीक्षक म्हणाले, आता कुठं तुमचा खरा नाच दिसला. अक्कानं ते पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून त्या चॅनेलचं नाव आमच्या दोन्ही घरांत कुणी काढत नाही. माणसाला कामापुरतं वापरून फेकून देणाऱ्यांची ही जत्रा आहे.

तेव्हा बाबा, रुसायचं तर त्यांच्यावर रुस. आईला एक फोन कर. मतांबद्दल ती विचारेल, तर तू बरोबर केलंस म्हण. तिनं बरोबरच केलं होतं. तुझ्या तोंडून ऐकलं की दोन घास खाईल.

तुझा मामा,
भीमाशंकर

ता. क. महाअंतिम सोहळा परवा चुकून लागला होता, आणि मग साडेतीन तास चुकूनच चालू राहिला. धाकटी सून दुसरी आली. पोटवाला पहिला. बाई दिसली मात्र छान.

ता. क. २. पत्राचं निमित्त तसं वेगळंच होतं. नांदेडला आपलं नवीन वस्त्रदालन पुढच्या महिन्यात सुरू होतंय. उद्घाटनाला धाकटी सून आली तर सगळं नांदेड लोटेल. एरवी तिला कोण विचारतं, पण दुकानात बाया मागतात त्या तिच्यासारख्याच साड्या. ती तुला दादा म्हणायची, तुझ्या खांद्यावर रडलीसुद्धा होती. तुझा शब्द ती मोडणार नाही. तेवढं जमव.

ता. क. ३. ती येणार असं धरून बॅनर करायला टाकलाय. तिचा फोटो चांगला वीस फुटी. खाली कोपऱ्यात तुझं नाव घालायचं मनात होतं, पण बॅनरवाला म्हणतो, साडीचा काठ झाकला जाईल. तू समजदार आहेस. गर्दी आवरायला तू असलास तर बरं होईल, पण मागच्या दारानं ये, पुढं बाईंची गाडी लागेल. आणि अक्काला उद्घाटनाला बोलवावं की नाही, हे अजून ठरत नाही. आली तर बॅनरपुढं उभी राहील आणि आधी तुझंच नाव शोधील.