दत्ताचा पाट

४ जुलै, हमरापूर
दत्ताचा गेल्या महिन्यात बदललेला खुबा दुसऱ्यांदा निखळला. कमल डॉ.ना म्हणाली, हे मोरीत घसरले. दत्ता म्हणाला, झोपेत कूस बदलली. दोन्ही खोटं. धाकटा भाऊ आणि भावजय दोघं खोटं बोलतात, तेव्हा खरं कुठेतरी असावं म्हणून लिहिते. मांडी घालायला मनाई असताना तो कारखान्यात पाटावर मांडी घालून गणपतींचे डोळे आखत बसला होता. उठताना पाय वळला. सगळ्या कारखान्याने पाहिलं.
पेणला नेऊन भूल देऊन सांधा बसवला. मी रोह्याहून आले ती इथेच.

६ जुलै
माझा खुबा गेल्या वर्षी रोह्याला बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले, पुढे काही झालं नाही. डॉ.ना म्हटलं, मग याचंच असं का?
"बाई, तुमचं हाड झिजलेलं होतं, पण धड होतं. यांना साखर, हृदय नाजूक. शिवाय दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. त्याने हाड आतून मेलं होतं."
दमा प्लास्टरच्या धुळीचा. धूळ गणपतीची.

९ जुलै
मूर्ती टेबलावर ठेवली, दत्ताला उंच खुर्ची दिली. त्याने ब्रश उचलला, खाली ठेवला.
"खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून देवाला डोळं द्यायचं? बापाने दिलं व्हतं काय?"
"बापाचा खुबा त्याचा स्वतःचा होता," मी म्हणाले.
कमल फिस्सकन हसली. मग तोही. पण ब्रश घेतला नाही. रांगेने बिनडोळ्यांचे गणपती. मूर्ती मागवलेल्या कोलाडच्या व्यापाऱ्याचा पुन्हा फोन.

१३ जुलै
दत्ताच्या खुब्याच्या टाक्यांवरच्या मलमपट्टीला पिवळट ओल. अंगात ताप.
"पावसाचं दमट हाय वन्सं, म्हणून असल."
"कधीपासून आहे गो?"
कमल परवापासून हळद लावत होती. ओरडले. ओरडून काय.

१५ जुलै
डॉ.: सांध्यात जंतू शिरलेत. सांधा काढायचा, औषध भरलेला सिमेंटचा तुकडा ठेवायचा. जंतू गेले तर काही महिन्यांनी नवा. गेले तर. भूल झेपेल का, तेही नक्की नाही.
दत्ताने एवढंच विचारलं, "मग मांडी घालता येल?"
डॉ.नी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही."

१६ जुलै
सकाळी त्याने कमलला हाक मारली. ती मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी रंग देते. डोळ्यांना कधी हात लावलेला नाही. तिला पाटावर बसवलं. स्वतः शेजारी खुर्चीत बसला. आता खुर्ची चालली. डोळे तो देत नव्हता ना.
"श्वास धर. वरून खाली ये."
पहिला डोळा तिरका.
"पूस."
पुन्हा. "पूस." कमल रडकुंडीला. मी कारखान्याबाहेर गेले, मला बघवेना.
परत आले तर मूर्तीला दोन्ही डोळे होते.
दत्ताने चष्मा पुसून पाहिलं. "ह्यो कोनाकडं बघतोय गो?"
"तुमच्याकडंच."
"मंग राहू दे."
तिने दुसरी मूर्ती पुढे ओढली. दुपारी ताप वाढला.

१७ जुलै
अँब्युलन्स आली. निघताना दत्ताने कमलला दिले: फडक्यात गुंडाळलेले आखणीचे ब्रश, काळ्या रंगाची वाटी.
मला दिला पाट. "ताय, जपून ठेव. आलो का परत दे." कमल दाराशी उभी होती. मी हो म्हटलं नाही, पाट मात्र घेतला.
दवाखान्यात ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी नर्सने माझ्या हातात दिलं: चष्मा, गळ्यातला काळा दोरा, शर्ट. शर्टाच्या बाहीला रंग आहे. संमतीच्या कागदावर कमलने सही केली, खाली मी.
पाट माझ्या पिशवीत आहे. दरवाजा अजून बंद आहे.