एकोणीस वेळा ओशाळलेले पाहुणे

ती. भावोजींना,

वाकून नमस्कार. (आठवडाभर बाकावर बसून पेपर तपासल्यामुळे कंबर वाकायला तयार नाही, तेव्हा तो मनातल्या मनात वाकून केला आहे असं समजावं.) ताईचा गुडघा काय म्हणतोय? तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? ते आधी मोजून घ्या आणि मगच पुढचं वाचा. जमीन मोजणीच्या खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला मोजायला शिकवू नये, पण आज माझा नाइलाज आहे.

आम्हां चाळीस भाषाशिक्षकांना सध्या एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं आहे. प्रत्येकापुढे लाल पेन, पाण्याची बाटली आणि पंचवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. आत वाचलेलं बाहेर बोलणार नाही, असं आम्ही लिहून दिलेलं आहे. (म्हणून हे पत्र वाचून झालं की फाडा. ताईला वाचून दाखवायचं असेल तर आधी दाखवा, मग फाडा.) यंदा पाचव्या प्रश्नात ‘ओशाळणे’ हे क्रियापद वाक्यात वापरायला सांगितलं आहे. गुण दोन. अशा प्रश्नाची उत्तरं मला पाठ आहेत. कुणाच्या तरी हातून कपबशी फुटते आणि तो ओशाळतो, कुणाची तरी थाप उघडी पडते आणि तो ओशाळतो. डोळे मिटून दोन गुण द्यायचे आणि पुढे सरकायचं.

मंगळवारच्या गठ्ठ्यातल्या पहिल्याच पत्रिकेत वाक्य होतं, ‘आपण भलत्याच शाळेत भाषण करत आहोत हे कळल्यावर पाहुणे ओशाळले.’ मला शंका आली. पण जगात चुकलेले पाहुणे काय कमी आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. तिसऱ्या पत्रिकेत पाहुण्यांना करडा सफारी आला. सहाव्यात ते मुलींनी भरलेल्या हॉलपुढे उभे राहून ‘माझ्या बालमित्रांनो’ म्हणाले. नवव्यात ते दर दोन वाक्यांनंतर ‘मोजून सांगतो’ म्हणायला लागले आणि माझं लाल पेन टेबलाखाली गेलं. भावोजी, ‘मोजून सांगतो’ म्हणणारा माणूस आपल्या नात्यागोत्यात एकच आहे.

त्या दिवसाबद्दल तुम्ही घरात कधी धड बोलला नाहीत. ‘शाळा चुकली’ एवढे दोन शब्द टाकून पेपरात डोकं घालता. पण पंचवीसपैकी एकोणीस मुलींनी तुमच्यावरच वाक्य केलं आहे (उरलेल्या सहा त्या दिवशी गैरहजर असाव्यात), त्यामुळे आता मला सगळा वृत्तान्त तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्हाला जायचं होतं शेजारच्या, तुमच्या जुन्या मुलांच्या शाळेत. गेलात मुलींच्या शाळेत. तिथे नेमकी एका दंतवैद्यांची वाट बघत होते आणि त्यांना आधी कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तुमच्या हातात फुलं देऊन तुम्हाला थेट माईकपुढे उभं केलं. ‘मीही याच शाळेच्या बाकावर बसून शिकलो’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई दचकल्या. पण पाहुण्यांना टोकायचं कसं? समोर सगळ्या मुलीच कशा, हा प्रश्न तुम्हाला कसा पडला नाही? (एका मुलीच्या मते पाहुण्यांना वाटलं, काळ बदलला. काय समजूतदार पोर आहे!) चाळीस मिनिटं बांधाच्या भांडणांवर बोललात. दातांचं नाव नाही. मग खरे दंतवैद्य हातात टोपलीएवढी प्लास्टिकची कवळी आणि लाटण्याएवढा ब्रश घेऊन दारात उभे राहिले. या क्षणी, एकोणीसच्या एकोणीस पत्रिकांत, तुम्ही ओशाळता. सलग एकोणीस वेळा मी तुम्हाला ओशाळताना पाहिलं आणि दर वेळी दोन गुण दिले. दहाव्यांदा तर मीच घामाघूम झालो.

पण अठरावी पत्रिका वेगळी होती. ती मी इथे तशीच उतरवतो. ‘पाहुण्यांनी विचारले, गणितात पहिले कोण? पहिली आली नव्हती, दुसरी आणि तिसरी लाजल्या, म्हणून मैत्रिणींनी मला ढकलले. मी चौथी आहे. पाहुण्यांनी खिशातले पेन मला दिले. मग दात घेऊन डॉक्टर आले आणि पाहुणे ओशाळले. बाई पेन परत घ्यायला आल्या तेव्हा मी ओशाळले. पाहुणे म्हणाले, चूक माझी, पेन तिचं. हा पेपर मी त्याच पेनाने लिहीत आहे.’

दोन गुणांच्या प्रश्नाला दोनच देता येतात, याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं. ताईने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेलं ते पेन बसमध्ये पडलं, असं तुम्ही सांगितलंत आणि त्याबद्दल महिनाभर बोलणी खाल्लीत. भावोजी, अख्ख्या हॉलपुढे फजिती होत असताना एका पोरीचं तोंड पडू नये, हे ज्याला सुचतं त्या माणसाचा मला अभिमान वाटतो. समोर बसून हे मला कधीच म्हणता आलं नसतं, म्हणून लिहून टाकलं. ताईला नमस्कार सांगा, भाचेकंपनीला आशीर्वाद.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. आमचे तपासलेले पेपर पुन्हा तपासणारे जे मोठे सर आहेत, त्यांना एकोणीस पत्रिकांत एकच प्रसंग दिसला आणि त्यांनी सरळ ‘सामुदायिक कॉपी’ असा शेरा मारायला घेतला. तसं झालं तर एकोणीसजणींचा निकाल अडकेल, त्या पेनवालीचाही. असा प्रसंग खरोखर घडला, हे मी गळा काढून सांगितलं. सर म्हणाले, मग त्या पाहुण्यांच्या सहीचं पत्र आणा. तेव्हा तुमचं नाव, हुद्दा, सफारीचा रंग आणि ओशाळल्याची स्पष्ट कबुली असलेलं पत्र शनिवारच्या आत माझ्या हाती पडेल असं करा. कवळीचा उल्लेख हवाच.

ता. क. २. सर असंही म्हणाले होते की पाहुण्यांना जो घेऊन आला, त्याची सही असली तरी चालेल. तो मी. तुम्हाला त्या फाटकाशी स्कूटरवरून मीच उतरवलं. पाटी वाचली तेव्हा तुम्ही आत पोचला होतात, टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि एवढ्या लोकांत येऊन चूक सांगायला मी ओशाळलो. स्कूटर वळवली आणि घरी आलो. तुम्ही मात्र आजपर्यंत बाहेर कुणीही विचारलं की ‘फाटक मीच चुकलो’ असंच सांगत आलात. तेव्हा सहीच्या पत्रातही तुम्हाला कुणी आणून सोडलं, एवढं गाळलंत तर बरं होईल. एकोणीसपैकी एकाही मुलीने ते लिहिलेलं नाही.