दुसरी भेट

प्रिय चिमणे,

फोन केला असता तर तू नेहमीसारखं 'दादा, भाषण नको' म्हणून फोन वहिनीकडे द्यायला लावला असतास, म्हणून लिहितो आहे. कागदावर टाळ्या पडत नाहीत, त्यामुळे माझा आवाज आपोआप खाली राहतो. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीने गच्चीवर टोमॅटो लावलेत. राखण ती करते आणि खातात पक्षी. मी त्यावर दोन शब्द बोलायला गेलो तर म्हणाली, नगरसभेत बोला, तिथे ऐकायचे पैसे मिळतात लोकांना.

नगरसभेत बोललो ते सांगतो. तू पेपरात वाचलं असशील, किंवा माझं नाव पाहून पान उलटलं असशील. घरात झोपेत बाळ अचानक गेलं आणि कारण समजत नसलं, तर पोलीस आणि इस्पितळ यांनी त्या घरात कसं जायचं, कसं वागायचं, याचे नवे नियम परवा मंजूर झाले. त्या समितीत मी गेलं वर्षभर होतो. तुला सांगितलं नव्हतं. तुझ्या गोटूचं नाव मी तिथे एकदाही काढलं नाही, तुझंही नाही. तुझं दुःख सभागृहात नेऊन टेबलावर मांडायचा अधिकार मला कुणी दिलेला नव्हता. मी टेबलसुद्धा आपटलं नाही. अध्यक्षबाईंनी मधल्या वेळात येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना.

गोटू गेला त्या सकाळी तुझ्या घरी जे पोलीस आले, ते वाईट नव्हते. हे मी आता खात्रीने सांगू शकतो, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांबरोबर मी या वर्षात बसलो आहे. त्यांना शिकवलं तसं ते वागले. दिवा फिरणारी गाडी दाराशी लावायची, आईला एका खोलीत आणि बापाला दुसऱ्या खोलीत बसवून तेच ते प्रश्न विचारायचे, गादी गुंडाळायची, बाटली आणि लाळेरं पिशवीत टाकायचं. गोटूला नेलं तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस आणि मी तुझ्यामागे. त्याला कशातून नेलं ते आपण दोघांनी पाहिलं. त्यावर आपण कधी बोललो नाही, आताही बोलायला नको.

समितीने नवी पद्धत कागदावर लिहिली आणि मग ती करून पाहायची ठरवली. पोलीस वसाहतीत एक रिकामी खोली होती, तिथे खाट टाकली, आणि वाळू भरलेली एक कापडी बाहुली आणली, तान्ह्या बाळाच्या वजनाची. आईला हळूच विचारायचं, शेवटचं कसं झोपवलं होतं ते या बाहुलीवर दाखवाल का. त्यातून डॉक्टरांना खूप कळतं. आईचं काम इस्पितळातल्या एका नर्सने केलं. मिशाळ नावाने सगळ्यांना ठाऊक असलेले एक वयस्क निरीक्षक आहेत, ते साध्या कपड्यांत आले. बूट बाहेर काढले, उभं न राहता खाली बसून बोलले, बाळाचं नाव विचारून घेतलं आणि पुढे त्याच नावाने बोलले. बाहुली उचलताना तिची मान लोंबली, तेव्हा नर्स ओरडली, "मान धरा साहेब! तुमची नाही, बाळाची." सगळे हसले, तेही हसले. प्रत्येक गोष्ट बरोबर केली त्यांनी. आणि शेवटी उठता उठता त्यांनी बाहुली पिशवीत घातली आणि चेन ओढली.

चेनचा आवाज लहानच असतो, पण मी तो आधी ऐकलेला होता. मिशाळ स्वतःच खाटेवर बसले. म्हणाले, "हात सवयीने गेले हो." त्यांना कुणी टाकून बोललं नाही. त्या दिवशी नियमांत एक ओळ वाढली, बाळाला हातांवरच न्यायचं, आणि आईला गाडीपर्यंत स्वतः न्यायचं असेल तर तिला न्यायला द्यायचं. ती ओळ माझी नाही, मिशाळांची आहे. सभागृहात एका सभासदाने विचारलं, एखाद्या आईने खरंच काही केलं असेल तर तिला आपण चहा पाजत बसायचं का? उत्तर द्यायला मी उठलो होतो, पण मिशाळ माझ्या आधी बोलले. म्हणाले, प्रश्न एकही कमी केलेला नाही, फक्त दरडावणं कमी केलंय, आणि न दरडावता माणसं जास्त सांगतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव. माझं भाषण खिशातच राहिलं.

मागच्या महिन्यात मामेबहिणीकडे तू तिच्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरत होतीस. दूध पिऊन कितीतरी वेळ झाला होता, बाळ झोपलंही होतं, पण तू त्याची पाठ थोपटत राहिलीस. ती म्हणाली, "ताई, काढली त्याने ढेकर, द्या आता." तू दिलं नाहीस. गोटूनंतर झालेली तुझी लेक तान्ही होती तेव्हाही तू अशीच रात्र रात्र बसायचीस, हे मेहुण्यांनी मला सांगितलं आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. त्या सकाळी तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, ढेकर काढली होती का गं? त्यांच्या मनात काही नव्हतं, घाबरलेल्या बाईने विचारलेला प्रश्न होता तो. पण त्याचं उत्तर तुला कुणी दिलंच नाही. शवविच्छेदन झालं, अहवाल झाला, तो ज्या खात्याला हवा होता त्या खात्याला मिळाला, आणि तुमच्या घरी परत कुणी आलं नाही.

माझ्या हट्टाने नियमांत आलेली गोष्ट एकच आहे, दुसरी भेट. तपासणी पुरी झाली की डॉक्टरने त्या घरी परत जायचं आणि काय सापडलं, काय सापडलं नाही, ते आईबापांना समोर बसून साध्या शब्दांत सांगायचं. त्यांच्याआधी दुसऱ्या कुणालाही नाही. ठराव मंजूर झाल्यावर मी समितीतल्या डॉक्टरबाईंना गाठलं आणि गोटूचा जुना अहवाल पाहाल का, विचारलं. त्यांनी तो काढून वाचला. मी म्हटलं, सांगा. म्हणाल्या, "तुम्हाला कसं सांगू? नियम तुमचाच आहे." मग मी त्यांना ढेकरेचा तो प्रश्न सांगितला, आणि तू अजून बाळांची पाठ थोपटत बसतेस तेही. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "अजून? हे तर त्यांना त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं." एवढंच. एका वाक्याचे दहा अर्थ काढणं हा माझा धंदा आहे, पण या वाक्याचा मी एकही काढणार नाही. तू त्यांच्याकडूनच ऐक. त्या साध्या कपड्यांत, रिक्षाने येतील. कधी यायचं ते तू ठरव, आणि नकोच असेल तर तसं कळव, मी पुन्हा विषय काढणार नाही. मी वर येणार नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबेन. त्या सकाळी घरात आलेला प्रत्येक माणूस तुला काहीतरी विचारायला आला होता. या बाई तुला सांगायला येणार आहेत.

तू म्हणशील तेव्हा गप्प बसणारा,
तुझाच दादा