सलीमच्या पट्ट्यातली गाठ

४ मे २०१४, रवि. वादी कबीर
अर्बाबने, माझ्या अरब मालकाने, आज भलतंच काम आणलं. वीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतोय, आता म्हणे पिस्तुलाचे पट्टे शीव. एका बड्या घरावर साध्या वेषातले नवे गार्ड ठेवलेत, त्यांना दिशदाशाखाली, त्या पायघोळ पांढऱ्या झग्याखाली, लपेल असं होल्स्टर हवंय. चोवीस नग. वर ऐकवलं, "मिस्त्री, तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो." मला काय माहीत नाही?

६ मे, मंगळ
पहिला नमुना फसला. जाड चामडं. सलीमला बांधला, आत लाकडी पिस्तूल. सलीम गार्डांत सगळ्यात नवखा. उभा राहिला तर पांढऱ्या कपड्यातून सगळं दिसतंय, बसला तर बरगडीत घुसतंय. "मिस्त्री, ये तो कुर्सी पे मार डालेगा!" आत पँट नाही, नुसती लुंगी. पट्टा अडकवू कशाला, माझ्या डोक्याला?

९ मे, शुक्र
सुट्टी, पण डोक्यात पट्टाच. बायको सुमाला बाळंत होऊन महिना झाला, सासूबाई तिचं पोट बांधत होत्या. जुनं सुती लुगडं, खालून घट्ट, वर सैल. टोचतं का, विचारलं. "नाही हो. बांधलंय हेच विसरायला होतं."
अरे, हेच की! सासूबाईंकडे अर्धं लुगडं मागितलं. म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही कधी बाळंत झालात?"

११ मे, रवि
रुंद सुती पट्टा. फक्त चाप झाकणारा कप्पा चामड्याचा, कडक. सलीम बसला, वाकला, नमाज पढून आला. काही दिसत नाही. अर्बाब खूष. "खलास, हाच. गुरुवारी सगळे." मीही फुगलो, खोटं कशाला बोलू.

१३ मे, मंगळ
सलीम खजुराचा डबा घेऊन आला, मिठीच मारली. कालपासून खरं पिस्तूल. "घर गया, बेटी को गोद में लिया, खाना खाया. भूल ही गया कि पहना है!" चार वर्षांची पोर. तिनेच कमरेला हात लावून विचारलं, बाबा हे काय. तो हसत सांगत होता. मी हातातला खजूर परत डब्यात ठेवला.
जेवण गेलं नाही.

१४ मे, बुध
अर्बाबला सांगितलं. म्हणाला, "तू शिवायचं. लक्षात ठेवायचं काम त्याचं." बरोबर आहे. पण त्याला विसरायला लावलं कोणी? मीच ना?
घरी सुमा म्हणते, नका शिवू. सासूबाई म्हणतात, पदरी तान्हं लेकरू, नोकरी घालवता का? दोघींचंही खरं. आणि मी मधे...
सासूबाईंच्या पदराला गाठ दिसली. हे कशाला? "रविवारी बाळाची लस आहे. विसरेन म्हणून मारून ठेवली."

१५ मे, गुरु
चोवीसही पट्ट्यांत आतून, डाव्या कुशीला, सुती दोरीची गाठ शिवली. सुपारीएवढी. जखम करणार नाही, विसरूही देणार नाही. अर्बाबला बोललो नाही.
चार वाजता सलीमने बांधला. बसला, उठला, परत बसला. "मिस्त्री, इधर कुछ चुभता है."
"हां. बेटी को उठाने से पहले भी चुभेगा."
त्याने पट्टा सोडून टेबलावर ठेवला. अर्बाबने पट्टा उलटा करून गाठ चाचपली, कात्री मागितली. सापडत नाही म्हटलं. सलीमने पट्टा त्याच्या हातातून काढून घेतला. "मेरा वाला मत काटो."
उरलेल्या तेवीसांचं आणि माझ्या व्हिसाचं काय ते अर्बाब रविवारी सांगणार आहे. कात्री माझ्याच खिशात होती, घरी आल्यावर लक्षात आलं.