सात नंबरचे टेबल आणि वाचून दाखवणारे प्लगइन

प्रति,
मा. संगणक विभागप्रमुख,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : वाचून दाखवणारे प्लगइन माझ्याच संगणकावर सुरू करून मिळणेबाबत.
संदर्भ : ‘परवानगी दिली आहे’ असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

मी तक्रार नोंदणी शाखेत लिपिक आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला बारीक अक्षर अजून नीट लागत नाही. म्हणून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे प्लगइन मी मागितले. आपण ते तत्परतेने मंजूर केले, याबद्दल मनापासून आभारी आहे. फक्त ते सुरू झाले आहे फाटकावरच्या चौकीत.

१. आपल्याकडे प्लगइनची परवानगी माणसाला नव्हे, टेबलाच्या नंबरला मिळते. रंगकामाच्या हलवाहलवीत माझे सात नंबरचे टेबल चौकीत जाऊन बसले. त्यामुळे पहारेकरीकाकांच्या संगणकाला वाचा फुटली आणि माझा मुकाच राहिला.

२. टेबल परत मागितले, तर फर्निचर शाखा म्हणते, मागणी ऑनलाइन करा. ते पान उघडायला वेगळे प्लगइन लागते, आणि ते आपण बंद केले आहे. आता काय म्हणावे?

३. तूर्त मी रोज खुर्ची उचलून चौकीत जाते. संगणक वाचतो, मी नोंदी करते. काका मध्येच सुचवतात, “मॅडम, त्या नळवाल्या आजींचं आधी बघा, फार दिवस झाले.” काल फाटकाशी उभ्या एका गृहस्थांनी स्वतःचीच तक्रार ऐकली आणि रागात जरा जास्तच लिहिले म्हणून ती मागे घेतली. काम झपाट्याने होते हे खरे, पण लोकांच्या घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर येणे बरे नव्हे.

४. शाखाप्रमुख साहेबांनी बजावले आहे, की जागेवर बसून काम जमत नसेल तर महिनाअखेरीस माझी रवानगी जुन्या सामानाच्या खोलीत होईल. महोदय, मला तिथे जायचे नाही. काम मला चांगले येते, दिसते तेवढे कमी.

तरी परवानगी माझ्या नावे करावी, नाहीतर टेबल वर पाठवावे. दोन्ही जमत नसेल, तर मलाच चौकीत नेमावे. काकांची हरकत नाही, त्यांनी माझ्यासाठी वेगळा कपही आणून ठेवला आहे.

आपली, टेबलाच्या प्रतीक्षेत,
(सही)
लिपिक, तक्रार नोंदणी शाखा
दिनांक : आज, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत :
१. डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.
२. पाठिंब्याच्या सह्या. हा अर्ज चौकीतच टाइप केल्याने संगणकाने तो सर्वांना वाचून दाखवला. पहिली सही शाखाप्रमुख साहेबांची आहे. ते तेव्हा फाटकातून आत येत होते.