खालच्या अंगाला

प्रिय सुमेधा,

जय भीम. गिरणीची वीज सकाळपासून गेली आहे, त्यामुळे आज हात रिकामे आहेत. या आठवड्यात तुला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा जेवलीस का, तब्येत बरी का, एवढंच विचारून ठेवून दिला. पुढचं तोंडातून निघेना. रविवारी तू चांगुणाबाईंच्या घरी माफी मागायला जाणार आहेस, असं तुझ्या आईनं सांगितलं. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून उद्या पुण्याला निघालेल्या आपल्या शेजारच्या भुजंगजवळ देतो आहे.

इकडे सगळं बरं आहे. गिरणीचा पट्टा बदलला. तुझी आई गुडघ्याला तेल लावते आणि तेलालाच शिव्या देते. राधेश्याम दुकानदार दळण टाकायला आला की अजून तेच विचारतो, पोरगी रविवारीसुद्धा जमिनीखाली जाऊन काय करते म्हणून. पूर्वी मी मोठ्या हौसेनं सांगायचो. पोरीचं मंडळ पुण्यातल्या मेट्रोच्या भुयारी स्टेशनांचा नकाशा करतं, जमिनीखाली फोनला आपण कुठं आहोत ते कळत नाही, म्हणून कुणीतरी पायी फिरून बघावं लागतं, कोणता जिना कुठं निघतो, लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबते. नकाशा सगळ्यांचा, कुणीही फुकट बघावा, चुकलं असेल तर कुणीही सुधारावं. तो म्हणायचा, “पगार किती त्याचा?” मी म्हणायचो, काहीच नाही. “मंग घरी झोपून राहावं की पोरीनं!” गिरणीतली माणसं हसायची, मीही हसायचो, पण आतून छाती फुगायची. ज्यांचे पाय चालतात त्यांनी जाऊन बघायचं, म्हणजे ज्यांचे चालत नाहीत त्यांची वाट चुकणार नाही, हे तुझं वाक्य मी माझं असल्यासारखं सांगायचो. आता राधेश्यामनं विचारलं की मी गिरणी सुरू करतो. त्या आवाजात बोलावं लागत नाही.

मे महिन्यात मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू मलाही सोबत नेलंस. वर रस्ता, त्याखाली तिकिटांचा मजला, त्याखाली गाडी बदलायचा मजला, सगळ्यात खाली फलाट. एवढं खोल खणूनही कुठं मातीचा वास नाही, याचंच मला नवल वाटत होतं. ऊन दिसत नव्हतं, त्यामुळे उगवत कुठं आणि मावळत कुठं ते मला कळेना. गावात झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगतो. तू मला अक्षतासोबत तिकिटांच्या मजल्यावर ठेवलंस आणि तिला म्हणालीस, “माझे पप्पा लई बारीक बघतात, त्यांना विचारून लिही.” तुझ्या मैत्रिणीसमोर तू असं म्हणालीस, म्हणून मी आणखी ताठ चालू लागलो.

लिफ्ट मलाच सापडली. जाड खांबाच्या आड होती. पाटी होती, पण तीही खांबानं अर्धी झाकलेली. तिथली फरशी पाणी वाहून जावं म्हणून त्या बाजूला जराशी उतरती केली आहे, तुझ्या लक्षात आली असेल किंवा नसेल. माझ्या पायाला लगेच कळली. म्हणून मी आपल्या बोलीत सांगितलं, लिफ्ट तिकिटाच्या खिडकीच्या खालच्या अंगाला आहे. आपलं घर गावाच्या खालच्या अंगाला आहे, तसंच. आपल्या घरी यायला कुणाला जिना उतरावा लागत नाही. अक्षता फोनवर टाइप करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “खाली म्हणजे खालच्या लेव्हलला ना, काका?” लेव्हल म्हटलं की मला शेताची लेव्हल कळते, गवंडी नळीत पाणी भरून बघतो ती कळते. तिला उतारच म्हणायचा असेल असं वाटलं. पण शंकाही आली, सुमेधा. आली होती, हे खरं. म्हणजे काय पोरी, एवढं विचारलं असतं तर संपलं असतं. पण ती तुमची स्वच्छ बुटांतली मंडळी, आणि मी लेव्हल म्हणजे काय विचारणार! मी म्हणालो, “हो हो, बराबर.”

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नकाशात लिफ्ट एक मजला खाली गेली. वसंतानं आपल्या आईला, चांगुणाबाईंना, चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात नेताना तो नकाशा उघडला. तिकिटांच्या मजल्यावरून एक जिना उतरा, मग लिफ्ट, असं त्यात होतं. त्यानं आणि एका अनोळखी माणसानं खुर्ची उचलली. शेवटच्या पायऱ्यांवर त्या माणसाचा हात निसटला आणि म्हातारीचं मनगट मोडलं. लिफ्ट तेव्हा वरच, त्या खांबाच्या आड उभी होती.

तू मला फोन केलास तेव्हा तुमचं सगळं मंडळ सोबत बसलं होतं आणि सगळ्यांना ऐकू जात होतं. लिफ्ट कुठं सांगितली होती, एवढंच तू विचारलंस. मी म्हणालो, मी त्याच मजल्यावर सांगितली होती, त्या पोरीनं चुकीचं ऐकलं असेल. मग तुझा आवाज आला, “अक्षताची चूक नाही. तपासायचं काम माझं होतं, मीच तपासलं नाही.” तुला तेव्हाच कळलं होतं. माझं हो हो तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. त्यानंतर मंडळाचं काम तू दुसऱ्याकडे दिलंस आणि रविवारी घरीच राहू लागलीस. तुझी आई ताटात भाकरी वाढताना म्हणाली, “लेकीच्या माथी मारून मोकळे झाले का? अन् रोज सकाळी पंचशील म्हणून राह्यलेत!” मी जेवत राहिलो. विहारात वंदना मीच सांगतो, तुला माहीत आहे. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलणार नाही, की माझ्याच्यानं म्हणवत नाही. मागून बाकीचे म्हणतात. मी नुसते ओठ हलवतो.

काल अक्षताला फोन केला आणि मी काय सांगितलं, कशाला हो म्हणालो, नंतर तिच्यावर काय ढकललं, ते सगळं सांगितलं. ती पोरगी मलाच म्हणते, “काका, मी मान वर करून विचारायला पाहिजे होतं.” मला आणखी खाली बघावंसं वाटलं. तिच्याकडून नंबर घेऊन वसंताला लावला. तो कडक बोलला. “नकाशावर भरोसा ठेवला, ही आमची चूक का?” मी म्हणालो, नाही, माझी. मग त्यानं आईकडे फोन दिला. चांगुणाबाईंचं माहेर आष्टीचं निघालं, आपल्या परतूरजवळची आष्टी. मी कोणते शब्द बोललो होतो ते त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि म्हणाल्या, “अवो, खालच्या अंगाला म्हंजे त्याच मजल्यावर की, उताराच्या बाजूनं. तेवढंच लिव्हलं असतं तर मी वसंताला खुर्ची उचलूच दिली नसती.” जे मी बोललो होतो ते बरोबर होतं, ते मीच लाजेपायी मोडून टाकलं. मग त्या म्हणाल्या, “हात मातर लई दुखून राह्यलाय.” आणि फोन ठेवला.

त्या तिघांना फोनवर सांगता आलं. तुला सांगता येईना, कारण तू मला काही विचारलंच नाहीस, नुसतं झाकून घेतलंस. म्हणून हे लिहिलं. रविवारी तू माझ्या वतीनं माफी मागू नकोस. मी शनिवारी येतो. चांगुणाबाईंच्या दारात तू सोबत उभी राहा, बोलेन मी. त्या घरात घेतील की नाही, माहीत नाही. त्याआधी मला त्या स्टेशनावर ने आणि नकाशात लिफ्टपाशी ‘त्याच मजल्यावर, खिडकीच्या खालच्या अंगाला’ हे मराठीतलं वाक्य माझ्या नावानं लिहू दे. कुणाला चूक दिसली तर त्यानं मला विचारावं, तुला नको. मंडळाचं काम परत घेशील की नाही हे तू ठरव, मी त्यात हो किंवा नाही म्हणणार नाही. आणि बसस्टँडवर मला घ्यायला येऊ नकोस. मी लोकांना विचारत विचारत येईन.

तुझाच, तुझ्यापुढं मान खाली असलेला,
पप्पा
हसनाबाद